मानकांच्या चालू कामांची यादी : ती कशी राखतात आणि वाघोडियाने ती का वाचावी

बडोद्याच्या पूर्वेला वाघोडिया तालुका आहे. तिथल्या लिमडा गावी अपोलो टायर्सचा कारखाना आहे, पारुल विद्यापीठही लिमड्यालाच, आणि वाघोडियाच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत लहानमोठे अनेक उद्योग चालतात. इथे बनणाऱ्या बहुतेक मालाला आणि त्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाला कोणता ना कोणता आयएस (भारतीय मानक) क्रमांक लागू असतो. व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६, प्रवासी गाड्यांच्या टायरसाठी आयएस १५६३३, वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस ११८०, एक्सएलपीई केबलसाठी आयएस ७०९८. क्वालिटी विभागातल्या माणसाला हे क्रमांक तोंडपाठ असतात. मात्र त्या क्रमांकाचे सध्या काय चालले आहे, त्यात बदल होऊ घातला आहे का, तो कुठवर आला, हे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. हे सगळे कळण्याची एक जागा असते. मानक तयार करणारी प्रत्येक संस्था आपल्या हातातल्या कामांची एक यादी ठेवते. ती नीट राखणे हे किती जबाबदारीचे काम आहे आणि ती बिघडली तर त्याचा भुर्दंड कोणाला बसतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

मानक येते कुठून

भारतीय मानक संस्था, म्हणजे जुनी आयएसआय, ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झाली. १९८६च्या कायद्याने तिच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला आणि १ एप्रिल १९८७ पासून त्याचे काम सुरू झाले. आज जो कायदा लागू आहे तो २०१६चा. तो १२ ऑक्टोबर २०१७ पासून अमलात आला. मालावरचा शिक्का मात्र लोकांच्या तोंडी अजून आयएसआय मार्क म्हणूनच आहे.

ब्यूरोची वीस हजारांहून अधिक मानके आहेत. ती कोणा एका साहेबाच्या टेबलावर लिहिली जात नाहीत. स्थापत्य, यंत्र, विद्युत, वाहतूक, वस्त्र, अन्न असे विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाखाली विषयवार समित्या आहेत. विद्युत विभागाची ईटीडी १६ ही समिती ट्रान्सफॉर्मर पाहते, ईटीडी ९ केबल पाहते, वाहतूक विभागाची टीईडी ७ टायर पाहते. समितीचा अध्यक्ष ब्यूरोबाहेरचा जाणकार असतो. सदस्य उद्योग, प्रयोगशाळा, ग्राहक संघटना, सरकारी खाती आणि शिक्षणसंस्था यांच्याकडून येतात. मेंबर सेक्रेटरी ब्यूरोचा अधिकारी असतो आणि यादीची किल्ली व्यवहारात त्याच्याच हाती असते.

एखाद्या विषयावर मानक हवे असा प्रस्ताव आला आणि समितीने तो मान्य केला की काम सुरू होते. आधी प्राथमिक मसुदा, मग व्यापक अभिप्रायासाठी फिरवलेला मसुदा, मग अंतिम मसुदा, आणि शेवटी छापील मानक. ब्यूरोच्या भाषेत हे पी, डब्ल्यूसी आणि एफ ड्राफ्ट. मसुद्याच्या क्रमांकात समितीचे नाव, कंसात त्या कागदाचा स्वतःचा क्रमांक आणि पुढे टप्प्याचे अक्षर असते. या छोट्याशा क्रमांकातच यादीचे अर्धे शास्त्र सामावले आहे : काम कोणाचे, कोणते आणि कुठवर आलेले, ही तिन्ही उत्तरे तो एकदम देतो.

छापून झाले म्हणजे काम संपले असेही नाही. निदान पाच वर्षांतून एकदा प्रत्येक मानकाचा फेरविचार व्हावा लागतो. ते जसेच्या तसे कायम होते, त्यात दुरुस्ती होते, ते नव्याने लिहिले जाते किंवा मागे घेतले जाते. म्हणजे छापील मानकही त्या यादीत पुन्हा पुन्हा परत येत राहते.

यादीत काय असायला हवे

पहिली गोष्ट कायमचा क्रमांक. कामाचे नाव बदलते, भाग पडतात, दोन कामे एकत्र होतात. क्रमांक मात्र बदलता कामा नये, आणि रद्द झालेल्या कामाचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. आयएस २०२६ हे पॉवर ट्रान्सफॉर्मरचे मानक घ्या. त्याचे अनेक भाग आहेत : तापमानवाढ, इन्सुलेशन वगैरे विषय वेगवेगळ्या भागांत आहेत आणि प्रत्येक भागाचा फेरविचार आपापल्या गतीने चालतो. यादीत नुसते ‘आयएस २०२६ – काम चालू’ लिहिले, तर कारखानदाराला त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळ हवी. दुरुस्तीपत्रकालाही स्वतंत्र ओळ हवी आणि ती मूळ मानकाच्या ओळीशी जोडलेली हवी. आयएस ११८० भाग १ हे २०१४चे मानक, पण त्यावर नंतर दुरुस्त्याही निघाल्या. हाती फक्त २०१४ची छापील प्रत असलेला माणूस अर्धेच मानक वाचत असतो.

दुसरी गोष्ट जबाबदार नाव. ओळीसमोर समितीचे नाव असतेच, पण मसुद्याचे पुढचे पाऊल कोणी टाकायचे, हेही एका माणसाच्या किंवा एका गटाच्या नावे लिहिलेले असावे. ‘समिती पाहील’ असे लिहिले की कोणीच पाहत नाही.

तिसरी गोष्ट दोन तारखा : सध्याचा टप्पा कधी लागला आणि पुढचा कधी अपेक्षित आहे. माझ्या मते यादीतला सर्वांत मोलाचा रकाना पहिल्या तारखेचा आहे. पुढची तारीख ही इच्छा असते. मागची तारीख हा पुरावा असतो. एखादा मसुदा दोन वर्षे त्याच टप्प्यावर बसला आहे, हे मागच्या तारखेशिवाय दिसत नाही.

चौथी गोष्ट नाते. भारतीय मानके अनेकदा आंतरराष्ट्रीय मानकांना धरून असतात. आयएस २०२६चे नाते विद्युत क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मानक संस्था आयईसी हिच्या ६००७६ या मालिकेशी आहे आणि ती मालिका आयईसीची टीसी १४ ही समिती सांभाळते. टायर, रिम आणि व्हॉल्व्ह हे आंतरराष्ट्रीय मानक संघटना आयएसओच्या टीसी ३१चे क्षेत्र आहे. तिकडे एखादा भाग बदलू लागला की इकडच्या समितीलाही विचार करावाच लागतो. हे अवलंबन यादीत लिहिले नसेल तर तिकडचा बदल इथे छापील स्वरूपातच येऊन धडकतो. लिहिलेले असेल तर तो मतदानाला असतानाच दिसतो, आणि मत देण्याची संधीही मिळते.

टक्के नकोत, घटना हवी

‘काम ऐंशी टक्के झाले’ हे वाक्य कोणत्याही सामायिक यादीला बिघडवायला पुरेसे आहे. ऐंशी टक्के कोणी मोजले? उरलेले वीस किती दिवसांचे? मानकांच्या जगाने यावर चांगला उपाय शोधला आहे. टप्पा बदलायचा तो घडलेल्या आणि कागदावर नोंदलेल्या घटनेनेच : बैठकीचा ठराव, मसुदा पाठवल्याची तारीख, मतदानाचा निकाल.

आयएसओची पद्धत या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. तिथे टप्प्यांना आकडे दिले आहेत. ०० म्हणजे प्राथमिक विचार, १० प्रस्ताव, २० तयारी, ३० समितीतील चर्चा, ४० देशोदेशींच्या संस्थांकडे चौकशी, ५० अंतिम मंजुरी, ६० प्रकाशन, ९० फेरविचार आणि ९५ माघार. प्रत्येक टप्प्यात पुन्हा उपटप्पे आहेत. मसुद्यावर मतदान सुरू झाले की ४०.२०, ते बारा आठवडे चालते. मतदान संपले की ४०.६०. मसुदा पुन्हा समितीकडे पाठवला तर ४०.९२, काम सोडून दिले तर ४०.९८, पुढे गेले तर ४०.९९. छापून आलेले मानक ६०.६० असते आणि फेरविचारात कायम झाले की ९०.९३.

हे आकडे पहिल्यांदा वाचताना रुक्ष वाटतात. पण जपानचा प्रतिनिधी, जर्मनीचा प्रतिनिधी आणि दिल्लीतला मेंबर सेक्रेटरी एकाच ओळीकडे पाहून एकच अर्थ घेतात, तो या आकड्यांमुळे. ‘जवळजवळ तयार’ या शब्दांचा अर्थ तिघांनी तीन प्रकारे घेतला असता. शिवाय या पद्धतीत अपयशालाही आकडा आहे. मसुदा मागे आला, काम सोडले, या गोष्टी लपवायला जागाच ठेवलेली नाही. ज्या यादीत फक्त पुढे जाण्याचे रकाने असतात, तिथे अडलेली कामे वर्षानुवर्षे ‘प्रगतिपथावर’ राहतात.

अडलेल्या कामांचे काय करायचे

सामायिक यादी फुगते ती अशाच ओळींनी. उत्साहाने प्रस्ताव येतो, सुचवणारा माणूस निवृत्त होतो किंवा त्याची बदली होते, आणि ओळ तशीच राहते. ती काढायला कोणी धजावत नाही, कारण काढणे म्हणजे कोणाचा तरी अपमान असे वाटते.

म्हणून जुन्या संस्थांनी हा निर्णय माणसावर न सोडता नियमावर सोडला आहे. आयएसओच्या नियमावलीनुसार प्राथमिक विचारासाठी नोंदलेला विषय तीन वर्षांत प्रस्तावापर्यंत पोहोचला नाही तर तो यादीतून आपोआप निघतो. मंजूर कामालाही मुदत असते. काम हाती घेताना समिती १८, २४ किंवा ३६ महिन्यांचा मार्ग निवडते. मुदत टळली तर समितीला ठरावीक काळात मुदतवाढ मागावी लागते किंवा दुसरा निर्णय घ्यावा लागतो, नाहीतर काम रद्द होते. इंटरनेटची तांत्रिक मानके घडवणारी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स तर याहून कडक आहे. तिथला मसुदा १८५ दिवसांत नव्याने दाखल केला नाही तर त्याची मुदत संपते, आणि तसे त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत दिसते.

रद्द करणे म्हणजे पुसून टाकणे नव्हे, हेही सांगायला हवे. ओळ चालू कामांतून हलवायची, पण तिचा क्रमांक, तारखा आणि रद्द होण्याचे कारण जतन करायचे. पाच वर्षांनी तोच प्रस्ताव दुसरे कोणी आणते, तेव्हा आधी काय अडले होते हे त्या एका ओळीतून कळते. कारण न लिहिता काढलेली ओळ हे नुकसान आहे.

मोडी, ॲ आणि रुपयाचे चिन्ह

अशा यादीचे मराठी माणसाच्या रोजच्या हाताशी असलेले एक उदाहरण आहे, आणि बडोद्याशी त्याचे नातेही आहे. बडोद्याच्या सरकारी अभिलेखागारात गायकवाडी काळातले मोडी कागद आहेत. ते संगणकावर मोडीतच उतरवायचे तर प्रत्येक मोडी अक्षराला जगभर मान्य असा संकेतांक लागतो. हे काम युनिकोड कन्सॉर्टियम करते आणि आयएसओ-आयईसीचे १०६४६ हे मानक त्याच्याशी जुळते ठेवले जाते.

युनिकोडची चालू कामांची यादी सर्वांना पाहता येते; तिला पाइपलाइन म्हणतात. प्रत्येक नव्या अक्षरापुढे प्रस्तावित संकेतांक, नाव, युनिकोडच्या तांत्रिक समितीने ते कधी स्वीकारले आणि आयएसओच्या बाजूला ते कोणत्या टप्प्यावर आहे, हे लिहिलेले असते. मोडीचा अंतिम प्रस्ताव अंशुमान पांडे यांनी २०११ साली दिला. जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० निघाले आणि त्यात मोडीची ७९ चिन्हे आली. ‘बॅट’मधला चंद्र आपल्याकडे पूर्वीपासून होता, पण ‘ॲप’साठीचे स्वतंत्र ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आले ते ५.१ आवृत्तीत, २००८ साली. त्याआधीची सवय म्हणून आजही अनेक जण अ आणि चंद्र वेगवेगळे टंकून जोडतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळे धरू शकतो.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट आणखी बोलकी आहे. १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने डी. उदयकुमार यांचे ₹ हे चिन्ह मंजूर केले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ते युनिकोड ६.० मध्ये दाखलही झाले. इतकी घाई झाली की त्या क्षणी युनिकोड आणि आयएसओ-आयईसी १०६४६ यांच्यात नेमका या एका चिन्हाचा फरक होता. आयएसओच्या बाजूची प्रक्रिया मागून पूर्ण झाली. एकाच कामाची स्थिती दोन संस्थांत वेगळी असू शकते, म्हणून पाइपलाइनमध्ये दोन स्वतंत्र रकाने आहेत. ‘मंजूर’ असा एकच रकाना असता तर त्या काळात तो एका बाजूला खरा आणि दुसऱ्या बाजूला खोटा ठरला असता.

मंत्रिमंडळाची मंजुरी आणि युनिकोड ६.० यांच्या मधल्या काही आठवड्यांत घाईने निघालेल्या फॉन्टमध्ये ₹ हे चिन्ह कीबोर्डवरच्या दुसऱ्याच एका खुणेच्या जागी बसवले गेले. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला रकमेपुढे रुपयाऐवजी ती खूण दिसे. यादीतली स्थिती न पाहता पुढे धावले की काय होते, ते इथे स्पष्ट दिसते. युनिकोडमध्ये एकदा प्रसिद्ध झालेला संकेतांक आणि नाव बदलत नाही, पण पाइपलाइनमधले बदलू शकते, आणि तसा इशारा यादीतच दिलेला असतो. प्रत्येक कार्ययादीवर असा इशारा हवा. मसुदा म्हणजे मानक नव्हे. त्यावर भरवसा ठेवून साचे कापायचे नसतात.

लिहिणारे थोडे, वाचणारे सगळे

सामायिक यादी म्हणजे सगळ्यांनी तिच्यात लिहायचे असा अर्थ घेतला की गोंधळ सुरू होतो. प्रत्येक ओळ लिहिण्याचा अधिकार एका ठिकाणी असावा, सदस्यांनी बदल सुचवावेत, आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद राहावी. समितीच्या प्रत्येक बैठकीत यादी उघडून चालू ओळी एकेक करून वाचाव्यात. ज्या ओळीबद्दल कोणीच बोलत नाही, तिच्याबद्दलच प्रश्न विचारावा. स्वतःची खाजगी प्रत कोणी ठेवू नये. मेंबर सेक्रेटरीकडे एक तक्ता, उपसमितीकडे दुसरा, संकेतस्थळावर तिसरा, अशी वेळ आली की तिन्हींवरचा विश्वास जातो.

वाचण्याचा हक्क मात्र सर्वांचा, आणि तो केवळ सौजन्याचा भाग नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या, व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या टीबीटी कराराला जोडलेली एक आचारसंहिता आहे. ती स्वीकारणाऱ्या मानक संस्थेने दर सहा महिन्यांतून निदान एकदा आपला कार्यक्रम प्रसिद्ध करायचा असतो : कोणती मानके तयार होत आहेत, कोणती नुकतीच स्वीकारली, प्रत्येक काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणते आंतरराष्ट्रीय मानक आधाराला घेतले आहे. मसुद्यावर मत द्यायला साधारणपणे निदान साठ दिवस द्यायचे, हेही त्यात आहे. काम हाती घेण्याचा निर्णय झाला त्या क्षणापासून ते ‘तयार होत असलेले’ मानक ठरते. भारतीय मानक ब्यूरोने ही संहिता स्वीकारली आहे.

वाघोडियातून ही यादी कशी वाचावी

इथे एक फरक लक्षात ठेवावा. मानक मुळात ऐच्छिक असते. संबंधित मंत्रालय क्वालिटी कंट्रोल ऑर्डर काढते, तेव्हा ते सक्तीचे होते. टायरसाठी असा आदेश २००९चा आहे, वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी २०१५चा. तो आदेश निघाल्यावर मार्कशिवाय माल बनवता किंवा विकता येत नाही. आदेश मंत्रालयाचा असला तरी त्यात उल्लेखलेले मानक समितीच्या यादीतून आलेले असते. म्हणून आदेशाची वाट पाहत बसणारा उद्योजक मुळातच उशिरा जागा होतो.

नवे मानक लागू होताना जुने काही काळ बरोबरीने चालते आणि तेवढ्या वेळात परवानाधारकाने बदल करून घ्यायचा असतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र माणूस असतो, बहुधा समितीत तिचा प्रतिनिधीही असतो. वाघोडियाच्या जीआयडीसीतल्या लहान कारखान्याकडे दोन्ही नसतात. त्याला साचे, कच्चा माल आणि चाचणीची सोय सगळे थोड्या अवधीत जमवावे लागते. बडोद्यात मकरपुऱ्याला १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांची मोठी चाचणी संस्था आहे, हे इथल्या उद्योगाचे भाग्यच. पण बदल लागू व्हायच्या तोंडावर सगळेच चाचणीसाठी धावले तर रांग लागणारच. यादीवर लक्ष असेल तर मसुदा फिरत असतानाच नमुना करून पाहता येतो, आणि मसुद्यातली एखादी अट लहान कारखान्याला अशक्य असेल तर ते तेव्हाच, पुराव्यासह सांगता येते.

अशा सूचनेला ठरलेला साचा असतो : कोणते कलम, सूचना सर्वसाधारण की तांत्रिक की भाषेची, आक्षेप काय, आणि त्या जागी नेमके कोणते शब्द हवेत. ‘हे आम्हाला परवडणार नाही’ एवढेच लिहिलेले पत्र समितीच्या कामी येत नाही. ‘या कलमातील ही मर्यादा इतकी असावी, कारण आमच्या चाचणीत असे आढळले’ असे लिहिले तर समितीला त्याची दखल घ्यावी लागते. लिमड्याच्या महाविद्यालयांतल्या अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी जवळच्या कारखान्यांबरोबर बसून अशी एखादी सूचना तयार केली, तर त्यात दोघांचाही फायदा आहे.

तुमच्या मालाला लागू असलेले आयएस क्रमांक एका कागदावर लिहा. ब्यूरोच्या संकेतस्थळावर प्रत्येक क्रमांकाची समिती शोधा, त्या समितीचे अभिप्रायासाठी फिरत असलेले मसुदे पाहा, आणि जानेवारी व जुलै अशा दोन ठरलेल्या महिन्यांत हे पुन्हा करा. एखादा मसुदा तुमच्या कामाचा निघाला, तर मुदतीच्या आत निदान एका कलमावर लेखी सूचना पाठवा.